जीडीबीच्या पायथन स्क्रिप्ट जुन्या-नव्या व्हर्जनवर चालत्या ठेवताना

जीडीबी हा चालू किंवा कोसळलेल्या प्रोग्रामच्या आत डोकावून चूक शोधायचा डीबगर, आणि त्याला पायथनमध्ये स्क्रिप्ट जोडता येतात. लॅपटॉपवर छान चालणारी जीडीबी स्क्रिप्ट सर्व्हरवर नेली की दोन तऱ्हेने तोंडघशी पाडते. एक तर लोड होतानाच ‘सिंटॅक्स एरर’ येते आणि बाण एखाद्या निरुपद्रवी एफ-स्ट्रिंगकडे (किमती थेट आत लिहिता येणारी पायथनची नवी स्ट्रिंग) दाखवतो. किंवा स्क्रिप्ट लोड होते, कमांड सुरू होते आणि मध्येच ‘ओबी_साइझ नावाचा मेंबर नाही’ असं सांगून थांबते. दोन्ही वेळा आपण म्हणतो, पायथनचं व्हर्जन जुळत नाही. दोन्ही वेळा ते खरंही असतं, पण पहिल्या वेळचा पायथन वेगळा आणि दुसऱ्या वेळचा वेगळा.

हा लेख जीडीबीसाठी पायथनमध्ये प्रिटी-प्रिंटर (मेमरीतला डेटा वाचनीय रूपात छापणारा कोड) किंवा कमांड लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः सी-पायथनच्या (सी भाषेत लिहिलेला नेहमीचा पायथन) सोर्समध्ये ‘टूल्स’ खालच्या ‘जीडीबी’ फोल्डरात असलेली ‘लिबपायथन.पाय’ ही फाइल घेतली आहे. ‘पाय-बीटी’, ‘पाय-लिस्ट’, ‘पाय-लोकल्स’ या कमांड तिच्यातूनच येतात. तिथे डीबगरची स्क्रिप्ट पायथनमध्ये आणि ज्याला डीबग करायचं तो प्रोग्रामही पायथनच, त्यामुळे व्हर्जनचे सगळे घोळ एकाच ठिकाणी सापडतात. सी++ वाल्यांना याच्या जोडीला जीसीसी कंपायलरसोबत येणारे ‘लिबएसटीडीसी++’चे (सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी) प्रिंटर पाहता येतील.

पायरी १ : कोणतं व्हर्जन कुणाचं, हे वेगळं करा

एका डीबगिंग सेशनमध्ये तीन व्हर्जन असतात. पहिलं जीडीबीच्या आत बसवलेल्या पायथनचं. तुमची स्क्रिप्ट तोच चालवतो. त्याला इथे ‘आतला पायथन’ म्हणतो. दुसरं खुद्द जीडीबीचं, कारण स्क्रिप्टला मिळणारं ‘जीडीबी’ मॉड्यूल त्याच्यासोबत बदलतं. तिसरं ज्या प्रोग्रामला किंवा कोअर फाइलला (प्रोग्राम कोसळताना साठवलेली त्याच्या मेमरीची प्रत) तुम्ही उघडलंय त्याचं, म्हणजे ‘समोरचा पायथन’.

आतला पायथन कुठला हे जीडीबी बिल्ड होतानाच ठरतं. टर्मिनलवर ‘पायथन३’ टाइप केल्यावर जो उत्तर देतो तो हाच असेल असं नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करा, शेजारी नवा पायथन बसवा, अल्टर्नेटिव्ह्ज बदला, जीडीबी ढिम्म हलत नाही. त्यामुळे अंदाज बांधू नका, त्यालाच विचारा. जीडीबीला बॅच मोडमध्ये चालवा आणि ‘ईएक्स’ पर्यायातून ‘पायथन’ ही कमांड देऊन ‘सिस.व्हर्जन’ छापून घ्या. त्याच वेळी ‘जीडीबी.व्हर्जन’ (सगळी अक्षरं मोठी) हेही छापा. स्क्रिप्ट इतकी मोडलीय की काहीच कळत नाही, अशा वेळी जीडीबीच्या बायनरीवर ‘एलडीडी’ चालवून ती कुठल्या लिबपायथनला जोडली आहे ते पाहता येतं. बग रिपोर्ट घेताना हे दोन आकडे आणि समोरच्या प्रोग्रामचं व्हर्जन मागण्याची सवय लावा. निम्म्या तक्रारींचा उलगडा तिथेच होतो.

पायरी २ : तळ ठरवा

तळ म्हणजे सांभाळायचं सगळ्यात जुनं व्हर्जन. किती मागे जायचं, हा निर्णय कोड लिहिण्याआधी घ्यायचा असतो. त्यासाठी थोडा इतिहास लागतो.

जीडीबीत पायथन आला तो ७.० मध्ये, २००९ साली. पायथन ३ चा आधार आला ७.६ मध्ये, २०१३ साली. पायथन २ सोबत बिल्ड करता येणारी शेवटची मालिका जीडीबी १२. १३ पासून फक्त पायथन ३. मधल्या काळात प्रत्येक डिस्ट्रोने (लिनक्सच्या वितरणाने) आपापल्या सोयीने उडी मारली. रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स (आरएचईएल) ७ मध्ये जीडीबी ७.६.१ आणि आत पायथन २.७, त्याच सुमाराच्या उबुंटू १४.०४ मध्ये मात्र जीडीबीच्या आत पायथन ३. आरएचईएल ८ मध्ये जीडीबी ८.२ आणि आत ३.६. म्हणजे एकाच वर्षी विकत घेतलेल्या दोन सर्व्हरवर एकच स्क्रिप्ट दोन वेगळ्या भाषांत वाचली जात होती.

माझं मत स्पष्ट आहे: आरएचईएल ७ किंवा त्याच्या नातलगांवर जीडीबी चालवण्याची खरोखर गरज नसेल, तर पायथन २ सोडून द्या आणि ३.६ हा तळ धरा. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आरएचईएल ७ ची नियमित देखभाल ३० जून २०२४ ला. अर्थात बँकेच्या नाहीतर टेलिकॉमच्या सर्व्हरवर जुनी मशीन असतात आणि तिथून कोअर फाइल येतात, हे मान्य. पण कोअर फाइल जिथे पडली तिथेच उघडली पाहिजे असं कुठे लिहिलंय? ती फाइल, तिची बायनरी, शेअर्ड लायब्ररी आणि डीबग सिम्बॉल (बायनरीतली नावं आणि रचना सांगणारी माहिती) नव्या मशीनवर आणा, ‘सेट सिसरूट’ने त्या फोल्डरकडे बोट दाखवा आणि नवा जीडीबी वापरा. जुन्या पायथनसाठी कोड वाकवण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. जिवंत प्रोसेसला त्याच मशीनवर जोडून पाहायचं असेल, तेव्हा मात्र सुटका नाही.

तळ ठरला की तो रीडमीत लिहा आणि स्क्रिप्टमध्येही तपासा. तपासायचं कुठे, इथे बरेच जण फसतात.

पायरी ३ : फाइल आधी पूर्ण वाचली जाते, मग चालते

बऱ्याच स्क्रिप्टच्या सुरुवातीला असं काहीतरी दिसतं: ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ पाहा, तीनपेक्षा लहान असेल तर नम्र संदेश छापा आणि थांबा. खाली दोनशे ओळींवर एफ-स्ट्रिंग आहे. जुन्या मशीनवर तो नम्र संदेश कधीच दिसत नाही. पायथन कुठलीही फाइल चालवण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत पार्स करतो. एफ-स्ट्रिंग (३.६), वॉलरस म्हणजे ‘:=’ (३.८), ‘मॅच’ (३.१०), ‘एक्सेप्ट’पुढची चांदणी (३.११), यातलं काहीही फाइलमध्ये कुठेही असलं आणि आतल्या पायथनला ते कळत नसलं, तर पहिली ओळसुद्धा चालत नाही. ‘इफ’च्या आत दडवून उपयोग नाही, ‘ट्राय’मध्ये ठेवूनही नाही.

म्हणून फाइल दोन करा. पहिली लोडर. ती इतकी साधी ठेवा की २.६ पासून आजपर्यंतच्या कुठल्याही पायथनला वाचता यावी: एफ-स्ट्रिंग नाही, टाइप हिंट नाही, ‘प्रिंट’ला कंसात एकच स्ट्रिंग. तिचं काम तीन गोष्टींचं. स्वतःचं फोल्डर ‘सिस.पाथ’मध्ये घालणं, आतल्या पायथनचं आणि जीडीबीचं व्हर्जन पाहणं, आणि तळापेक्षा कमी असेल तर एका ओळीत तसं सांगून शांतपणे बाहेर पडणं. सगळं ठीक असेल तरच ती दुसऱ्या फाइलीतलं, म्हणजे खऱ्या अंमलबजावणीचं मॉड्यूल इम्पोर्ट करते. इम्पोर्ट होतो तेव्हाच ती फाइल पार्स होते, त्यामुळे दुसरीत तळाला चालणारं आधुनिक काहीही लिहायला तुम्ही मोकळे.

‘सिस.पाथ’मध्ये घालताना स्वतःची जागा कळण्यासाठी ‘फाइल’ हे दोन-दोन अंडरस्कोरवालं नाव वापरा. जीडीबीच्या ‘सोर्स’ कमांडने लोड केलेल्या पायथन फाइलमध्ये ते मिळतं. चालू फोल्डरवर मात्र भिस्त ठेवू नका. जीडीबी कुठूनही सुरू केलेला असतो.

मॉड्यूलला नाव देताना ‘प्रिंटर्स’ किंवा ‘युटिल्स’ असं सार्वजनिक नाव देऊ नका. जीडीबीच्या आत एकच इंटरप्रिटर असतो आणि त्यात सगळ्यांच्या स्क्रिप्ट एकत्र नांदतात. दुसऱ्या कुणाचं ‘प्रिंटर्स’ आधीच इम्पोर्ट झालेलं असेल तर तुम्हाला त्यांचंच मिळेल, एररही येणार नाही.

पायरी ४ : पायथन २ ठेवायचाच असेल तर

ज्यांना सुटका नाही त्यांच्यासाठी. पायथन ३ मध्ये लिहा आणि २ ला सांभाळून घ्या. उलट करू नका, कारण उद्या काढून टाकायचा भाग २ चा आहे. ‘लिबएसटीडीसी++’च्या प्रिंटरनी हेच केलंय. फाइलच्या सुरुवातीला एकच ‘इफ’: पायथन ३ असेल तर ‘इटरेटर’ म्हणजे साधा ‘ऑब्जेक्ट’, ‘लाँग’ म्हणजे ‘इंट’, ‘आयमॅप’ म्हणजे ‘मॅप’. पायथन २ असेल तर ‘इटरेटर’ नावाचा छोटा क्लास, ज्याची जुन्या नावाची ‘नेक्स्ट’ मेथड दुहेरी अंडरस्कोरवाल्या नव्या ‘नेक्स्ट’ला बोलावते. पुढचा सगळा कोड पायथन ३ समजूनच लिहिलेला. ‘लिबपायथन.पाय’मध्येही ‘युनिसीएचआर’, ‘एक्सरेंज’ आणि ‘लाँग’ या तीन नावांना अशीच सोय आहे आणि शेजारी टिपण आहे की काही जीडीबी पायथन ३ ला जोडलेले असतात, म्हणून ही फाइल दोन्ही सिंटॅक्समध्ये वाचता आली पाहिजे.

नावांचा भाग सोपा. त्रास होतो तो भागाकाराचा आणि स्ट्रिंगचा.

‘जीडीबी.व्हॅल्यू’ला ‘जीडीबी.व्हॅल्यू’ने भागलं तर भागाकार समोरच्या प्रोग्रामच्या भाषेच्या नियमाने होतो, म्हणजे सी++ मध्ये पूर्णांकच मिळतो. पण तीच किंमत ‘इंट’ करून घेतली आणि मग एका तिरक्या रेघेने भागली, तर नियम आतल्या पायथनचा लागतो: २ मध्ये पूर्णांक, ३ मध्ये दशांश. मग व्हेक्टरची लांबी ‘१२.०’ छापली जाते आणि ‘रेंज’ला ती दिली की टाइप एरर. नियम एकच पाळा: मेमरीतून आलेली संख्या आधी ‘इंट’ करा, मग दोन तिरक्या रेघांनी भागा.

स्ट्रिंगच्या बाबतीत आपल्याकडच्यांना फटका जास्त बसतो, कारण आपल्या बफरमध्ये देवनागरी असते. ‘व्हॅल्यू.स्ट्रिंग’ मेथड पायथन २ मध्ये युनिकोड ऑब्जेक्ट देते. त्याच्यावर ‘एसटीआर’ लावलं की ते एएस्कीत बसवायचा प्रयत्न होतो आणि ‘नाव’ फील्डमध्ये ‘सुनीता’ असलं की प्रिंटर कोसळतो. इंग्रजी नावांवर घेतलेल्या चाचण्या तोवर सगळ्या पास झालेल्या असतात. एन्कोडिंग नेहमी स्पष्ट द्या, यूटीएफ-८. दुसरा पॅरामीटर ‘रिप्लेस’ द्या, म्हणजे अर्धवट लिहिलेला किंवा बिघडलेला बफरसुद्धा प्रश्नचिन्हांसह दिसेल. आणि कंटेनरमध्ये चाचणी घेताना लोकेल यूटीएफ-८ आहे ना ते बघा; नुसतं ‘सी’ असेल तर छापताना जीडीबी स्वतःच अडखळू शकतो आणि दोष तुमच्या स्क्रिप्टवर येतो.

पायरी ५ : पायथन ३ च्या आतही जमीन सरकते

२ आणि ३ चा वाद मिटला की लोक निर्धास्त होतात. पण ३.१२ मध्ये ‘इम्प’ आणि ‘डिस्टयुटिल्स’ ही मॉड्यूल काढून टाकली गेली. जुन्या स्क्रिप्टमध्ये रीलोडसाठी पहिलं आणि व्हर्जनची तुलना करण्यासाठी दुसऱ्यातलं ‘लूज-व्हर्जन’ सर्रास वापरलेलं सापडतं. रीलोडसाठी ‘इम्पोर्टलिब’ घ्या. तुलनेचं पुढे सांगतो. ३.१० पासून ‘कलेक्शन्स’मध्ये थेट ‘इटरेबल’, ‘मॅपिंग’ मिळत नाहीत, ती ‘कलेक्शन्स.एबीसी’मधून आणावी लागतात.

रेग्युलर एक्स्प्रेशनमधली उलटी तिरकी रेघ हा बारीक त्रास. कच्ची स्ट्रिंग न वापरता ‘\’ पुढे भलतंच अक्षर लिहिलं असेल, तर ३.६ पासून लपलेली डेप्रिकेशन सूचना येत होती, ३.१२ पासून ती उघड ‘सिंटॅक्स वॉर्निंग’ झाली. चालतं सगळं, पण जीडीबी सुरू होताच वापरणाऱ्याच्या पडद्यावर पिवळी बडबड होते आणि त्याला वाटतं काहीतरी मोडलं. सगळ्या पॅटर्नआधी ‘आर’ लावा, प्रकरण मिटेल.

बाहेरची पॅकेज मात्र अजिबात नकोत. ‘सिक्स’ असो की ‘पॅकेजिंग’, आतल्या पायथनला ती दिसतील याची खात्री कुणी देत नाही. लागतील त्या दहा ओळी स्वतः लिहा.

पायरी ६ : जीडीबीचं व्हर्जन वाचण्यापेक्षा, हवी ती वस्तू आहे का ते बघा

‘जीडीबी.व्हर्जन’ ही स्ट्रिंग आहे, आणि डिस्ट्रो तिच्यात वाटेल ते लिहितात. आरएचईएल ७ वर ती ‘रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स’ या शब्दांनी सुरू होते, मग ७.६.१ आणि मागे पॅकेजचा क्रमांक. टिंबावर तोडून पहिला तुकडा ‘इंट’ करणारा कोड तिथेच आपटतो. स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर ‘१०.१’ हे ‘९.२’पेक्षा लहान ठरतं. जीडीबी १० येईपर्यंत हा बग अनेक स्क्रिप्टमध्ये निवांत झोपला होता. व्हर्जन लागलंच तर रेग्युलर एक्स्प्रेशनने पहिली ‘अंक-टिंब-अंक’ जोडी शोधा आणि दोन पूर्णांकांच्या टपलमध्ये ठेवा. टपलची तुलना बरोबर होते, ‘लूज-व्हर्जन’ची गरजच पडत नाही.

पण शक्यतो हा आकडा फक्त लोडरमधल्या तळाच्या तपासणीसाठी ठेवा. बाकी ठिकाणी एखाद्या वस्तूत अमुक नाव आहे का ते सांगणारं ‘हॅज-अ‍ॅटर’ वापरा. ‘व्हॅल्यू’ची ‘फॉरमॅट_स्ट्रिंग’ मेथड जीडीबी ९ पासून आहे. ‘जीडीबी.व्हॅल्यूप्रिंटर’ हा बेस क्लास १४ मध्ये आला. ‘लिबएसटीडीसी++’ त्याच्यासाठी काय करतं पाहा: हा क्लास जीडीबी मॉड्यूलमध्ये असेल तर ‘प्रिंटर_बेस’ म्हणजे तो, नसेल तर ‘ऑब्जेक्ट’. चार ओळी, एकही व्हर्जन क्रमांक नाही. डिस्ट्रोवाले नव्या सुविधा जुन्या पॅकेजमध्ये मागे आणून बसवतात, तेव्हा क्रमांक खोटं बोलतो, ‘हॅज-अ‍ॅटर’ नाही. हा बेस क्लास घेतलात तर एक पथ्य: जीडीबीला ठाऊक असलेल्या मेथड सोडून तुमची सगळी फील्ड आणि मदतनीस मेथड अंडरस्कोरने सुरू करा. पुढे कधी जीडीबीने नवी मेथड आणली आणि तिचं नाव नेमकं तुमच्या फील्डशी जुळलं, तर तो तुमचं फील्डच बोलावेल. बिनअंडरस्कोरची नवी नावं जीडीबीसाठी राखीव, असा तो करार आहे.

एरर पकडतानाही असाच विचार करा. ‘जीडीबी.एरर’ हा क्लास ‘रनटाइम एरर’पासून मुद्दाम बनवलाय, कारण खूप जुने जीडीबी साधा ‘रनटाइम एरर’च फेकत. ‘एक्सेप्ट रनटाइम एरर’ लिहिलं की सगळी व्हर्जन सांभाळली जातात. त्यात एक फास मात्र आहे, तो पुढच्या पायरीत.

पायरी ७ : समोरच्याची रचना बदलते तेव्हा

खरं काम इथे आहे. सी-पायथनने गेल्या काही व्हर्जनमध्ये आतली रचना किती वेळा बदलली ते बघा. ३.३ मध्ये स्ट्रिंगची मांडणी. ३.६ मध्ये डिक्शनरी आटोपशीर झाली आणि नोंदींची जागा हलली. त्याच व्हर्जनमध्ये फ्रेम (एका फंक्शन कॉलची नोंद) चालवणारं मुख्य फंक्शन ‘ईव्हॅलफ्रेमडिफॉल्ट’ झालं, म्हणजे स्टॅकमध्ये नाव शोधणाऱ्या स्क्रिप्ट आंधळ्या झाल्या. ३.११ मध्ये तर सी स्टॅकची एक फ्रेम म्हणजे पायथनचा एक कॉल हे गृहीतकच गेलं. एका सी फ्रेमच्या पोटात पायथनच्या अनेक फ्रेम साखळीने बसायला लागल्या, आणि ‘पाय-बीटी’ला ‘प्रीव्हियस’ धरून मागे जात कुठे थांबायचं ते ठरवावं लागलं. ३.११ मध्ये ती खूण ‘इज_एंट्री’ नावाच्या फील्डमध्ये होती; ३.१२ मध्ये ते फील्ड गेलं आणि ‘ओनर’ पाहून ठरवायची पाळी आली. ३.१२ मध्येच पूर्णांकाची रचना बदलली: पूर्वी ‘ओबी_साइझ’चं चिन्ह तेच संख्येचं चिन्ह आणि त्याचं मूल्य म्हणजे तुकड्यांची संख्या. आता ‘लाँग_व्हॅल्यू’च्या आत ‘एलव्ही_टॅग’, खालच्या दोन बिटांत चिन्ह, आणि तीन बिट उजवीकडे सरकवल्यावर तुकड्यांची संख्या. लेखाच्या सुरुवातीची दुसरी एरर इथूनच येते. ३.१३ मध्ये फ्रेममधलं ‘एफ_कोड’ जाऊन ‘एफ_एक्झिक्युटेबल’ आलं.

हे सगळं एका फाइलीत मावतं का? मावतं, पण मावू नये. सी-पायथनची स्वतःची पद्धत पाहण्यासारखी आहे: ‘लिबपायथन.पाय’ प्रत्येक ब्रँचसोबत वेगळी असते आणि बिल्ड करताना बायनरीशेजारी ‘पायथन-जीडीबी.पाय’ म्हणून ठेवली जाते. ३.१२ च्या प्रोसेससाठी ३.१२ ची फाइल, बस. समोरच्या बाजूचं ज्ञान समोरच्यासोबतच फिरतं, त्यामुळे त्या फाइलीला एकाच रचनेची माहिती पुरते. आतल्या पायथनच्या बाबतीत मात्र हे करता येत नाही, कारण ३.१२ ची प्रोसेस कुठला जीडीबी उघडेल हे आधी ठाऊक नसतं. तिथे ती फाइल रुंद ठेवावीच लागते. तुमची स्क्रिप्ट तुमच्याच कंपनीच्या प्रोग्रामसाठी असेल तर हाच मार्ग घ्या: रेपॉझिटरीत कोडशेजारी ठेवा, त्याच पॅकेजमधून पाठवा, रचना बदलणाऱ्या कमिटमध्येच प्रिंटरही बदला.

कधीकधी ते शक्य नसतं. प्रोग्राम दुसऱ्याचा असतो, किंवा टेबलावर पाच व्हर्जनच्या कोअर फाइल असतात. मग फील्ड आहे का ते विचारा. ‘जीडीबी.टाइप्स’ मॉड्यूलमध्ये ‘हॅज_फील्ड’ आहे. टाइप द्या, नाव द्या, हो किंवा नाही मिळतं. ‘लाँग_व्हॅल्यू’ आहे? नवी रचना. नाही? जुनी.

दुसरी, जास्त प्रचलित पद्धत म्हणजे ‘ट्राय’मध्ये फील्ड वाचायचं आणि एरर आली तर दुसरी रचना समजायची. फास इथे आहे. ‘जीडीबी.मेमरीएरर’ हीसुद्धा ‘जीडीबी.एरर’चीच लेक, म्हणजे ‘रनटाइम एरर’ची नात. कोअर फाइल अर्धवट असेल, पॉइंटर कुठेतरी भरकटलेला असेल, तर मेमरी वाचता न आल्याची एरर त्याच ‘एक्सेप्ट’मध्ये शिरते आणि स्क्रिप्ट समजते की समोर जुनं व्हर्जन आहे. मग ती जुन्या रचनेने वाचायला जाते आणि तुम्हाला भलतीच, पण खरी वाटणारी माहिती दाखवते. डीबगरने खोटं सांगणं हे त्याने काहीच न सांगण्यापेक्षा वाईट. ‘ट्राय’ वापरायचाच तर त्यात फक्त फील्डचं नाव घ्या. ‘इंट’ करणं, पॉइंटर सोडवणं हे सगळं बाहेर.

नाव तेच आणि अर्थ वेगळा, हा प्रकार त्याहून कठीण, कारण तिथे फील्ड तपासून काही कळत नाही. उत्तम उदाहरण ‘को_लाइनटेबल’. ३.१० मध्ये ओळींच्या तक्त्याचं हे नाव आलं, ३.११ मध्येही तेच राहिलं, पण आतल्या बाइटची भाषा पूर्ण बदलली, कारण ३.११ ला एररखाली नेमकी जागा दाखवण्यासाठी कॉलमची माहितीही हवी होती. ३.१० च्या रीतीने ३.११ चा तक्ता वाचलात तर ओळ क्रमांक मिळतात, फक्त चुकीचे. इथे व्हर्जन पाहिलंच पाहिजे.

ते कसं पाहायचं? ‘पाय_गेटव्हर्जन’ फंक्शन बोलावणं सोपं वाटतं, पण त्याला जिवंत प्रोसेस लागते. कोअर फाइलवर फंक्शन चालत नाही. ‘पाय_व्हर्जन_हेक्स’ हा मॅक्रो आहे, आणि नेहमीच्या डीबग माहितीत मॅक्रो नसतात. ३.११ पासून ‘पाय_व्हर्जन’ नावाचं खरं ग्लोबल स्थिरांक सिम्बॉल आलं. ते सापडलं तर वाचा: वरून पहिला बाइट मेजर, दुसरा मायनर. सापडलं नाही तर समोरचा ३.१० किंवा त्याआधीचा, हेही उत्तरच आहे. स्वतःच्या प्रोग्रामसाठी असं एक ‘कॉन्स्ट’ सिम्बॉल आजच घाला. रचना बदलली की त्याचा आकडा वाढवा. ३.१३ पासून सी-पायथनने पुढची पायरी गाठली आहे: ‘पाय-रनटाइम’मध्येच फील्डच्या ऑफसेटचा तक्ता ठेवला जातो, बाहेरच्या साधनांना डीबग सिम्बॉलशिवायही वाचता यावं म्हणून.

एनमच्या (नाव दिलेल्या स्थिरांकांच्या यादीच्या) किमती आकड्यांनी लिहू नका. ‘ओनर’ची तुलना तीनशी करण्याऐवजी एनमचं नाव ‘पार्स_अँड_इव्हॅल’ला द्या आणि समोरच्याच्या डीबग माहितीतून किंमत घ्या. मधे एक नवा पर्याय घुसला की आकडे सरकतात.

तपासणीचा निकाल साठवायला हरकत नाही, पण मॉड्यूलच्या ग्लोबलमध्ये नको. एकाच सेशनमध्ये ‘फाइल’ कमांडने दुसरा प्रोग्राम उघडता येतो. निकाल प्रोग्राम स्पेसच्या, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या, हिशेबाने ठेवा. आणि डीबग माहितीच नसेल, टाइपच सापडत नसेल, तर ‘जुनं व्हर्जन’ न समजता सरळ सांगा की सिम्बॉल बसवा.

पायरी ८ : स्क्रिप्ट पोचवणं

बायनरीच्या नावापुढे ‘-जीडीबी.पाय’ लावलेली फाइल शेजारी असली की जीडीबी ती आपोआप लोड करतो. ७.५ पासून ‘सेफ-पाथ’चा पहारा आहे, फाइल विश्वासू फोल्डरात नसेल तर नकार देऊन तसं सांगतो. वापरणाऱ्याला ‘अ‍ॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ची ओळ नेमक्या फोल्डरसह द्या. सगळ्या डिस्कला परवानगी देणारी ओळ इंटरनेटवर फिरते, ती देऊ नका; अनोळखी कोअर उघडताना तीच अंगाशी येते.

आपोआप लोड होणारी फाइल म्हणजे तिसऱ्या पायरीतला लोडरच असावा.

पायरी ९ : चाचणी

प्रत्येक आधार दिलेल्या डिस्ट्रोचा एक कंटेनर, त्यात तिथलाच जीडीबी. स्वतः बिल्ड केलेला जीडीबी नको, कारण वापरणाऱ्याकडे तो नसतो. ‘एनएक्स’ पर्याय द्या, म्हणजे तुमची ‘जीडीबीइनिट’ मध्ये येणार नाही, आणि बॅच मोड.

एक्झिट कोडवर विसंबू नका. जुने जीडीबी बॅचमध्ये कमांड फसली तरी शून्य देऊन बाहेर पडतात आणि सीआय (आपोआप चालणारी चाचणी यंत्रणा) हिरवं दिसतं. चाचणी स्क्रिप्टच्या अगदी शेवटी एक ठराविक ओळ छापा आणि ती आउटपुटमध्ये आली का ते शोधा. नसेल तर नापास.

काय छापून पाहायचं ते टोकाच्या किमतींवर ठरवा: शून्य, ऋण संख्या, ६४ बिटांपेक्षा मोठा पूर्णांक, रिकामी आणि नोंदी पुसलेली डिक्शनरी, देवनागरी स्ट्रिंग, न भरलेला पॉइंटर. पूर्णांकाच्या रचनेतला बदल ‘४२’वर चाचणी घेतली तर निसटू शकतो, ऋण संख्येवर लगेच दिसतो. समोरच्या प्रत्येक व्हर्जनची एक छोटी कोअर फाइल तिच्या बायनरीसह जपून ठेवा. पुढच्या वर्षी ते व्हर्जन कुणाच्या मशीनवर नसेल, पण प्रश्न त्याच व्हर्जनचा येईल.

एलएलडीबीवाल्यांसाठी (मॅकवर वापरला जाणारा दुसरा डीबगर) दोन शब्द. तत्त्व तेच, नावं वेगळी: लोडरचं काम तिथे ‘एलएलडीबी_इनिट_मॉड्यूल’ हे फंक्शन करतं. एक्सकोड ११ पासून तिथला पायथन ३ झाला, आणि मॅकओएस १२.३ मध्ये सिस्टिममधला २.७ गेला, त्यामुळे मॅकवर पायथन २ सांभाळण्याचं कारण उरलेलं नाही. एकच स्क्रिप्ट जीडीबी आणि एलएलडीबी दोन्हीकडे चालवायच्या भानगडीत पडू नका. मेमरीतल्या बाइटचा अर्थ लावणारा भाग शुद्ध पायथनमध्ये वेगळा काढा, तो दोघांनाही वापरता येतो आणि डीबगरशिवाय तपासताही येतो. किमती आणून देणारा पातळ थर मात्र दोघांसाठी दोन.

शेवटचं काम कॅलेंडरचं. पायथनचं नवं व्हर्जन दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येतं आणि त्याआधी उन्हाळ्यापासून बीटा मिळतात. बीटा हाती आला की सी-पायथनच्या ‘लिबपायथन.पाय’चा मागच्या ब्रँचशी फरक काढून वाचा. काय हललं ते त्या फरकात सगळ्यात आधी दिसतं. त्याच दिवशी तळही एकदा तपासा. ज्या डिस्ट्रोसाठी फाटा ठेवला होता तिचा शेवटचा कंटेनर बंद झाला असेल, तर तो फाटा त्याच कमिटमध्ये काढून टाका.